अखबारनविसाची कैफियत

इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहराच्या ब्रॉडगेट चौकात एका इमारतीच्या दर्शनी अंगावर एक घड्याळ आहे, आणि त्या घड्याळाची प्रकृती ठीक असेल तेव्हा तासाच्या ठोक्याला एक दार उघडून घोड्यावर आरूढ झालेली लेडी गोडिवा बाहेर पडते, चार हात पुढे सरकते आणि दुसऱ्या दाराने आत जाते; ती जात असता वरची एक लहानशी खिडकी उघडते आणि टॉम नावाचा इसम तीतून डोकावून पाहतो. अकराव्या शतकातील ह्या उमरावपत्नीची दंतकथा पुष्कळांच्या कानांवर असेल. पती लिओफ्रिक ह्याने रयतेवर बसवलेला जाचक कर माफ व्हावा म्हणून ती त्याच्या पाठीस लागली. विवस्त्र होऊन भर बाजारातून घोड्यावरून जाऊन दाखव, मग पाहू, असे तो थट्टेने वा त्राग्याने बोलून गेला. ती खरोखरच गेली. आणि तिच्या शब्दाखातर साऱ्या गावाने आपापल्या खिडक्या लावून घेतल्या. इतिहासकार ह्या कथेवर विश्वास ठेवीत नाहीत, कारण ती लिहिली गेली तीच मुळी गोडिवेच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, आणि चोरून पाहणारा टॉम तर तीत त्यानंतर काही शतकांनी शिरला. तथापि एका विवाहितेने केलेला प्रवास, आणि तो न पाहण्याचा सबंध गावाने केलेला ठराव, ह्या दोन गोष्टींवर ह्या शहराची कीर्ती उभी आहे हे खरे. चौकातला तिचा अश्वारूढ पुतळा १९४९ सालापासून तेच सांगत आला आहे.

हे सारे आरंभीच सांगण्याचे कारण इतकेच की, गेल्या वर्षी नोव्हेंबरातील एका रविवारी माझी पत्नी ग्रीस देशात मॅरेथॉन धावत असता सातारा, पुणे, बेळगाव आणि कॅलिफोर्निया अशा चार ठिकाणची मिळून एकोणीस माणसे आपापल्या खिडक्या सताड उघड्या टाकून बसली होती, आणि त्या खिडक्यांच्या कड्या काढून देणारा मी होतो.

मराठेशाहीत अखबारनवीस म्हणून एक हुद्दा असे. परमुलखात राहायचे, तिथल्या दरबारी काय घडते ते पाहायचे आणि तपशीलवार बातमीपत्र लिहून हुजुरास रवाना करायचे, हे त्याचे काम. समशेर उपसणे हे त्याचे काम नव्हे. आमच्या घरात हा हुद्दा मजकडे चालून आला तो सात वर्षांपूर्वी, मुलगा शिक्षणासाठी बाहेर पडून घर एकाएकी मोठे वाटू लागले त्या शरद ऋतूत. तोवर बस चुकेल ह्या भीतीनेसुद्धा कधी न धावलेली माझी पत्नी शेजारणीच्या आग्रहाने एका शनिवारी सकाळी आमच्या कॉव्हेंट्रीतल्या वॉर मेमोरियल पार्कात गेली, तिथली पाच किलोमीटरची धाव तिने एक्केचाळीस मिनिटांत कशीबशी पार पाडली, आणि शेवटाला तिचे मी काढलेले, जास्वंदीसारख्या लाल चेहऱ्याचे छायाचित्र कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात पाठवून दिले. साताऱ्याहून तिच्या मावशींचे पहिले उत्तर आले, "कोण मागे लागलं होतं?"

मावशी आज चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. हयातभर प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, आणि माझ्या पत्नीस आईच्या पश्चात त्यांनीच वाढवले. मोबाइलचे यंत्र त्यांना स्वतःला चालवता येत नाही; शेजारचा नातू सायंकाळी येऊन आलेला मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो, आणि उत्तर त्या तोंडी सांगतात, पूर्वी पोस्टमन पत्र वाचून दाखवी आणि तिथेच बसून उत्तरही लिहून देई त्या चालीवर. पुण्याचे आमचे दादा सचिवालयातून निवृत्त झालेले. त्यांना बातमी हवी ती मुद्देसूद आणि तारीखवार. बेळगावची ताई प्रत्येक छायाचित्रात मागे कोण उभे आहे ते आधी पाहते. कॅलिफोर्नियातल्या पुतण्यास दर किलोमीटरला किती मिनिटे आणि किती सेकंद लागले ह्याशिवाय कशातही रस नाही. ह्या चारही प्रकृतींच्या श्रोत्यांस एकाच मजकुरात संतुष्ट करणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल.

हे वॉर मेमोरियल पार्क १९२१ साली पहिल्या महायुद्धातील मृतांच्या स्मरणार्थ खुले झाले. विस्तार सुमारे १२० एकर, मध्यभागी उंच स्मृतिस्तंभ, आणि वाटांच्या कडेने जी झाडे लावली आहेत त्यांपैकी पुष्कळांच्या बुडाशी एकेका सैनिकाच्या नावाची लहानशी पाटी. दर शनिवारी सकाळी नऊ वाजता ह्या नावांच्या मधून शेकडो माणसे धावत जातात. ही साप्ताहिक धाव पार्करन ह्या नावाने आज देशोदेशी चालते, पण तिचा आरंभ २००४ साली लंडनजवळच्या बुशी पार्कात अवघ्या तेरा जणांनी केला होता. फी नाही, बक्षीस नाही, पोचलात की तुमची वेळ तेवढी दफ्तरात नोंदली जाते. धावणाऱ्यांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. माझे लक्ष मात्र सात वर्षे वेधले आहे ते कडेला उभ्या राहणाऱ्यांनी, ज्यांना मी मनातल्या मनात कोटवाले म्हणतो, कारण धावपटू जे जे काढून ठेवतो ते ते सर्व ह्यांच्या अंगाखांद्यावर येते. ह्या लेखाच्या निमित्ताने मी त्यांच्यापैकी काही मराठी मंडळींशी मुद्दाम बोललो.

सहा महिन्यांसाठी मुलीकडे आलेले सांगलीचे एक आजोबा डिसेंबरच्या थंडीत कानटोपी घालून उभे होते. एका हातावर दोन जाकिटे, दुसऱ्या हातात नातवाची स्कूटर, दातांत गाडीची किल्ली. किल्ली काढून ते म्हणाले, "पोरगी पळतीया, आन् मी हजेरी लावतोया. तिकडं तिच्या आईला फोटू धाडला न्हाई तर दुपारचं जेवान गोड लागत न्हाई तिला." नागपूरकडची एक तरुणी मुलाची बाबागाडी एका पायाने अडवून नवऱ्याचे चलच्चित्र घेत होती, आणि त्यात नवऱ्याचे डोके येतच नव्हते. मी ते दाखवून दिले तेव्हा ती हसली. "सासूबाईंना चेहरा नको असतो, काका. पाय पाहिजेत. बुटांच्या नाड्या नीट बांधल्या का, ते बघतात त्या. लहानपणी एकदा नाडीत पाय अडकून पडला होता म्हणे." माणूस चाळिशीचा, दोन मुलांचा बाप, त्याची आई सात हजार किलोमीटरांवरून त्याच्या नाड्या तपासते आहे. माझ्या बातमीपत्रांत इतका नेमका तपशील एकदाही आला नव्हता हे मला तत्क्षणी कळून चुकले.

कॉव्हेंट्री हे चालण्या-धावण्यापेक्षा चाकांचे शहर म्हणून प्रसिद्ध. आधी रेशमी फितींचे माग, मग घड्याळे, मग सायकली, मग मोटारी, असा त्याचा क्रम. दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळी जोडलेली आजच्या घडणीची सायकल जॉन केम्प स्टार्ली ह्याने १८८५ साली इथेच घडवली. पण ह्याच गावात १८७९ साली निघालेला आणि गोडिवेचेच नाव लावणारा गोडिवा हॅरियर्स हा धावपटूंचा क्लब आहे, आणि त्या क्लबाने मॅरेथॉनच्या इतिहासात जी मजल मारली ती कित्येक राष्ट्रांनाही मारता आली नाही. १९६२ साली ब्रायन किल्बी युरोपचाही अजिंक्यवीर झाला आणि राष्ट्रकुलाचाही. १९६४ च्या जूनमध्ये बॅझिल हीटली ह्याने २ तास १३ मिनिटे ५५ सेकंद अशी त्या वेळची जगातील सर्वोत्तम वेळ दिली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये हे दोघेही उतरले आणि एकाच गावच्या एकाच क्लबाचे हे दोन गडी दुसरे आणि चौथे आले. पहिला आला तो अर्थात इथिओपियाचा अबेबे बिकिला. तिसऱ्याची हकीकत मात्र इथे थांबून सांगितली पाहिजे.

तिसरा आला तो जपानचा कोकिची त्सुबुराया. तो स्टेडियममध्ये शिरला तेव्हा दुसरा होता. स्वदेशीय प्रेक्षकांचा जयघोष चालला होता. आणि त्या शेवटच्या फेरीत, सर्वांच्या डोळ्यांदेखत, कॉव्हेंट्रीच्या हीटलीने त्याला गाठून मागे टाकले. दोघांत अंतर राहिले ते चार सेकंदांहूनही कमी. कांस्यपदकही काही लहान नव्हे, परंतु त्सुबुरायाच्या मनातून ती फेरी गेली नाही. पुढे पाठीचे दुखणे जडले, लष्करी वरिष्ठांनी ठरलेले लग्न होऊ दिले नाही, आणि जानेवारी १९६८ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याने जीवनाचा अंत करून घेतला. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्याने आईवडील, भाऊ आणि भावजया ह्यांचे एकेकाचे नाव घेऊन आभार मानले आहेत ते खाण्याच्या पदार्थांबद्दल: कंदाचा लगदा, वाळवलेली फळे, तांदळाचे मोची, हे सारे फार रुचकर लागले म्हणून. स्पर्धेचा त्या आभारांत मागमूस नाही. घरच्यांनी त्याला शेकडो वेळा धावताना पाहिले असेल. त्याला देण्याजोगे वाटले ते ताटातल्या घासाचे स्मरण. कॉव्हेंट्रीत ही गोष्ट रौप्यपदकाच्या बाजूने सांगितली जाते, आणि ते साहजिकच आहे. मी ती मावशींना सांगितली तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, आणि मग त्यांनी नातवाकरवी लिहवून पाठवले, "तिला धावून आल्यावर काय खायला देता?"

हीटली आणि किल्बीची थोरवी मी गटात लिहिली तेव्हा बेळगावच्या ताईस ते सहन झाले नाही. "आमच्या फडेप्पा चौगुल्यांचं काय?" तिने विचारले, आणि तिचे विचारणे सर्वथा रास्त होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणाऱ्या शेतकरी पोरांचा वेग पाहून सर दोराबजी टाटा ह्यांच्या मनात हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला धाडावा असे आले, आणि १९२० साली बेल्जममधील अँटवर्पला जे मूठभर खेळाडू गेले त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे मॅरेथॉनसाठी होते. त्या वर्षीची शर्यत ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे ऑलिंपिकमधील आजवरची सर्वांत लांब मॅरेथॉन होती. दातारांस ती पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटांच्या आसपास पोचून एकोणिसावे आले. ताईचा पुढचा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला: "त्यांच्या घरी हे कधी कळलं असेल रे?" बोटीने गेलेला माणूस. ते २२ ऑगस्टला धावले, त्या सायंकाळी बेळगावात दिवे लागले, माणसे जेवली, निजली, आणि आपल्या घरचा मुलगा एकोणिसावा आला आहे हे त्या रात्री कोणालाही ठाऊक नव्हते. माझ्या पुतण्यास पाच किलोमीटरमागे वीस सेकंदांचा विलंब झाला तरी अस्वस्थ वाटते.

वस्तुतः मॅरेथॉन म्हणजे मुळात बातमी पोचवण्याचीच गोष्ट. इसवी सनापूर्वी ४९० साली मॅरेथॉनच्या मैदानात इराण्यांचा पराभव झाला आणि ती वार्ता घेऊन धावत अथेन्सला आलेला दूत जयघोष करून गतप्राण झाला, ही कथा शाळेत सर्वांनी वाचली आहे. लढाईच्या सर्वांत जवळचा इतिहासकार हिरोडोटस मात्र तिचा उल्लेखही करीत नाही. तो सांगतो तो फायडिपिडीस मदत मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टाला धावला होता. विजयवार्तेची धाव पाचशे वर्षांनंतरच्या लेखकांनी जोडली. आपल्याकडच्या जासुदांना असे कोणी चरित्रकार लाभले नाहीत. ते जोडीने धावत, म्हणजे एकास काही झाले तर दुसऱ्याने लखोटा पुढे न्यावा; आणि त्यांनी आणलेल्या कागदांनी पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल भरले आहेत. पानिपतची पहिली बातमी नानासाहेब पेशव्यांस कळली तीही सावकारी पत्रातील मोती, मोहरा आणि खुर्दा ह्यांच्या भाषेतून. गमावलेली माणसे नाण्यांत मोजून. पूर्वी जो धावे तोच बातमी आणी. आता धावणारी बिचारी धावते आणि बातमी जाते ती एका जागी उभ्या असलेल्या कोटवाल्याच्या खिशातून. जासुदाच्या कामाचे असे दोन तुकडे पडले, हेच माझ्या साऱ्या अडचणींचे मूळ आहे.

बघणाऱ्यांच्या सोयीने ह्या खेळाची लांबीसुद्धा वाढली आहे हे पुष्कळांस ठाऊक नसते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली (राजघराण्यातल्या मुलांना खिडकीतून दिसावी म्हणून, असे सांगतात) आणि स्टेडियममध्ये राजाच्या आसनासमोर संपली. ते अंतर भरले सव्वीस मैल आणि ३८५ यार्ड, आणि १९२१ मध्ये तेच कायम झाले. म्हणजे ४२ किलोमीटरांवरचे ते १९५ मीटर, ज्यांना जगभरचे धावपटू शेवटच्या वळणावर शिव्या देतात, ते कोणाच्या तरी खिडकीपायी आहेत.

मी स्वतः ह्या देशात आलो तेव्हा घरी कळवण्याचे साधन म्हणजे निळे हवाईपत्र. तीन घड्या, कडेला डिंक, आणि जागा इतकी बेताची की आठवड्याचे दुःख लिहिले तर हवामान लिहायचे राही. सुटीत कुठे गेलो तर छत्तीस चित्रांची फीत धुवून घ्यायची, अल्बम भरायचा आणि दोन वर्षांनी घरी जाताना तो पेटीत कपड्यांच्या मधोमध ठेवून न्यायचा; मग दिवाणखान्यात तो हातोहाती फिरे, आणि प्रत्येक चित्राशी थांबून सौभाग्यवती सांगत असे, "इथं पाऊस होता", "इथं ह्यांचं पाकीट हरवलं." त्या सांगण्यात मी नायक असे आणि ती कथेकरी. मराठीत हा रिवाज जुना आहे. रमाबाई रानड्यांनी १९१० साली 'आमच्या आयुष्यातील कांही आठवणी' लिहिल्या तेव्हा न्यायमूर्तींच्या फिरतीवरचे मुक्काम, तिथली माणसे, प्रवासातले पथ्यपाणी हे सर्व आपल्यापर्यंत पोचले ते पत्नीच्या नजरेतून. उलटी उदाहरणे थोडी. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि मागे राहून त्यांच्या पत्रांची वाट पाहणारे गोपाळराव स्वतः टपालखात्यातच नोकरीस होते, ह्यातली गंमत आणि त्यातली वेदना मला अलीकडे अधिक जाणवू लागली आहे. आमच्या घरी भूमिका बदलल्या तेव्हा मला वाटले होते, सांगण्यात काय अवघड आहे?

पहिला फटका लंडनमधल्या एका शर्यतीत बसला. कटी सार्क जहाजाच्या वळणावर निळी टोपी घातलेली पत्नी दिसताच मी बेभान होऊन तिचे चलच्चित्र घेतले आणि क्षणार्धात चारही दिशांना रवाना केले. साताऱ्यात मावशींनी देवापुढे साखर ठेवली. दादांनी अभिनंदनाचा ठराव लिहिला. तासाभराने ताईचा संदेश आला, "चांगली पळते आहे, पण ही कोण?"

अथेन्सला जायचे ठरले ते पार्कातल्या एका वृद्ध धावपटूमुळे. त्याने तिला बिल ॲडकॉक्सची गोष्ट सांगितली. हाही गोडिवा हॅरियर्सचाच. १९६९ साली मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंतच्या मूळ मार्गावर तो २ तास ११ मिनिटे ७ सेकंदांत धावला, आणि त्या चढाच्या रस्त्यावर त्याचा तो विक्रम पस्तीस वर्षे, म्हणजे २००४ च्या ऑलिंपिकमध्ये इटलीच्या बाल्दिनीने मोडीपर्यंत, अबाधित राहिला. "आपल्या गावचा माणूस तिथं धावला होता," ती मला म्हणाली. आपल्या गावचा! तीस वर्षांत कॉव्हेंट्रीबद्दल हा शब्द तिच्या तोंडून मी प्रथमच ऐकला, आणि बातमीपत्रात तो घालायचा राहून गेला.

सुटी म्हणून आम्ही तीन दिवस आधी पोचलो. ॲक्रोपोलिस, संग्रहालय, बाजार, सर्व काही मी पाहिले. ती पाय उंचावर ठेवून हॉटेलच्या खिडकीशी बसून राहिली, कारण शर्यतीआधी तीस मजले चढउतार करायची तिची तयारी नव्हती. पण गटास दोघांची चित्रे हवी होती. शेवटी संध्याकाळी ती पायऱ्यांशी दोन मिनिटे उभी राहिली, मी चित्र घेतले, आणि त्याखाली लिहिले, "आज दिवसभर आम्ही पार्थेनॉन पाहिले." ह्या वाक्यातील "आम्ही" असत्य आहे, हे ह्या कैफियतीत नमूद करून ठेवतो.

रविवारी पहाटे अंधारात धावपटूंच्या बसगाड्या मॅरेथॉन गावी निघून गेल्या आणि मी मागे राहिलो. नऊ वाजता शर्यत सुटली तेव्हा साताऱ्यात दुपारचे साडेबारा झाले होते आणि कॅलिफोर्नियात आदल्या रात्रीचे अकरा. चौथ्या किलोमीटरनंतर मार्ग त्या लढाईत पडलेल्या १९२ अथेनियनांच्या समाधीच्या टेकाडास वळसा घालतो; मग समुद्राच्या बाजूचा सपाट रस्ता; मग दहाव्यापासून एकतिसाव्या किलोमीटरपर्यंत जवळजवळ अखंड चढ. यवतेश्वरच्या घाटात मुलीपणी सायकल ढकलत नेली होती, ती सवय उपयोगी पडेल, असे ती हसत म्हणाली होती. रस्त्यावर दर पाच किलोमीटरला पसरलेल्या पट्टीवरून पाऊल पडले की सर्वांच्या यंत्रांवर तिच्या नावाचा ठिपका पुढे सरके. मी अगिया पारास्केवीच्या मेट्रो स्टेशनाबाहेर, चढ संपून उतार लागतो त्या टप्प्यावर उभा होतो. कडेच्या आजीबाई येणाऱ्याजाणाऱ्या धावपटूंच्या हाती ऑलिव्हच्या डहाळ्या देत होत्या. तिचा तिसाव्या किलोमीटरचा ठिपका आला. मी दादांसाठी चालू परिस्थितीचे तीन मिनिटांचे सभाष्य चलच्चित्र पाठवले, आणि ते गेले न गेले तोच माझ्या हातातले यंत्र काळे पडले. आदल्या रात्री पार्थेनॉनची चाळीस चित्रे निवडण्याच्या नादात मी ते भारायला लावलेच नव्हते.

ती आली नाही. दहा मिनिटे, वीस, तीस. निळ्या टोप्या पुष्कळ आल्या. आपली नजर चुकली, ती पुढे गेली, असे मनाशी ठरवून मी मेट्रोने शहरात आलो आणि पांढऱ्या संगमरवरी पायऱ्यांच्या त्या प्राचीन स्टेडियममध्ये, जिथे १८९६ साली पहिल्या ऑलिंपिकची मॅरेथॉन स्पिरिडॉन लुईस ह्या ग्रीक गड्याने जिंकली, जाऊन बसलो. ती पावणेतीनच्या सुमारास आली. ऑलिव्हची एक डहाळी तिने छातीवरच्या क्रमांकाच्या टाचणीत खोचली होती. ती पाच तास अडतीस मिनिटे धावली होती. तरी चेहरा रडवेला नव्हता, हसराही नव्हता. झोपेतून उठलेल्या माणसासारखा होता. मी कोट पुढे केला. तिने तो घेतला आणि विचारले, "पोहे कुठं मिळतील का हो?"

तिकडे काय हाहाकार उडाला होता ते एका उपाहारगृहात यंत्र जिवंत झाल्यावर कळले. तिसाव्या किलोमीटरनंतर ठिपका पुढे सरकलाच नव्हता, आणि नेमका तेव्हाच अखबारनवीसही मुका झाला होता. चौसष्ट संदेश. दादांचे पहिले "कळवावे", दुसरे "त्वरित कळवावे", तिसरे नुसतेच "!". पुतण्या पहाटे चारपर्यंत जागा होता. पस्तिसाव्याचा ठिपका अखेर उमटला तेव्हा हिशेब लागला तो असा की, जे पाच किलोमीटर ती चाळीस मिनिटांत धावते त्यांना एक्कावन्न लागले. मी क्षमा मागितली. कोणीही उत्तर दिले नाही. इंग्रजीत एखाद्यास वाळीत टाकायचे झाले तर त्याला कॉव्हेंट्रीस धाडले असे म्हणतात. मी जो तिथलाच रहिवासी, त्याला अथेन्समध्ये असताना कॉव्हेंट्रीस धाडण्यात आले.

त्या रात्री प्रायश्चित्त म्हणून मी सविस्तर बातमीपत्र लिहिले. त्यात पहाटेचा अंधार होता, योद्ध्यांचे टेकाड होते, आणि एकतिसाव्या किलोमीटरवरचा प्रसंग तर मी विशेष खुलवला होता: चढाने थकलेले पाय, ढळू लागलेला धीर, सह्याद्रीचे स्मरण, आणि मग निग्रहाने टाकलेले पुढचे पाऊल. पाठवण्याआधी तिला वाचून दाखवले. तिने बिछान्यावर पडल्या पडल्या डोळे मिटून सर्व ऐकून घेतले. "छान झालंय," ती म्हणाली. "पण अहो, ही धावली कोण?"

मग त्या अकरा मिनिटांत झाले तरी काय, असे मी विचारले. ती म्हणाली, "काही नाही." पुन्हा विचारले. "सांगण्यासारखं काही नाही," असे म्हणून तिने दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पिरेयसहून बोटीने एजिना बेटावर गेलो आणि दोन दिवस राहिलो. तिथे पिस्त्यांच्या बागा आहेत, आणि टेकडीवर अफाया देवीचे देऊळ आहे. गट माझ्याशी बोलत नव्हता, आणि मीही यंत्र खोलीत ठेवून जात होतो. त्या दोन दिवसांचा एकही कागद आमच्या दफ्तरात नाही.

घरी परतल्यावर पहिल्याच शनिवारी पत्नीने पार्कास सुटी दिली आणि सकाळीच साताऱ्यास फोन लावला. ती स्वयंपाकघरात होती. पोहे भिजत घातले होते. दार तिने आतून लोटून घेतले. मी बाहेरच्या खोलीत प्रवासातला थर्मास धूत, म्हणजे बेसिनशी उगाच रेंगाळत, उभा होतो. अर्धा तास बोलणे चालले. मधे बराच वेळ शांतता, मग तिचा अगदी हलका आवाज, आणि मग एकदम दोघींचे हसणे. मावशींचे हसणे फोनमधून दाराबाहेर ऐकू येण्याइतके मोठे. मला खात्रीच पटली की ती अकरा मिनिटे सातारच्या त्या घरात, ज्यांना ठिपका कसा पाहायचा तेही ठाऊक नाही त्यांच्या हवाली, पोचती झाली.

त्या आठवड्यात मी मावशींना स्वतः फोन केला. प्रकृती विचारली, हवा विचारली, मग आडवळणाने अथेन्सच्या चढावर आलो. पलीकडे क्षणभर काही नाही.

"तुम्हाला कशाला हव्यात नसत्या चौकशा, जावईबापू?" मावशी म्हणाल्या. "तुम्ही आपला तो फोन रात्री चार्ज करून ठेवत जा."